ब काम सोडून गेला

"‘अ’ एक काम दहा दिवसांत करतो." एवढं वाचून मी दम घेतला. बोट पुढच्या ओळीवर नेलं. "‘ब’ तेच काम पं... पंध... पंधरा दिवसांत करतो."

"हा अ कोण मेला?" शेवंताबाई म्हणाली. "रोज बघावं तर हाच कामावर. ह्याला सणवार नाही, पाव्हणारावळा नाही?"

"आणि ब ला बघा, पंधरा दिवस लागतात," नसीम म्हणाली.

"ब बाई असंल. चूलभांडी उरकून येत असंल बिचारी. लागणारच की पंधरा दिवस."

ओट्यावर हशा पिकला. मीही हसले, आणि हसण्याच्या नादात माझं बोट ओळीवरून सरकलं. वैजयंता तेवढी हसली नाही. तिच्या मांडीवर सूप होतं आणि सुपात तिची बोटं चालली होती. पान घ्यायचं, तंबाखू पसरायचा, वळायचं, दोरा मारायचा, विडीचं तोंड मुडपायचं, टाकायचं. मान वर न करता ती म्हणाली, "आत्याबाई, पुढं."

मी ओळ पुन्हा शोधली. "दोघांनी मिळून काम सुरू केले. तीन दिवसांनंतर ब... ब काम सोडून गेला. उरलेले काम अ एकटा किती दिवसांत पूर्ण करील?"

तेवढ्यात शेवंताबाईचा नातू आत रडायला लागला. तिनं सूप खाली ठेवलं आणि ती गुडघ्यावर हात टेकून उठली. तिचा पाय उंबऱ्याच्या आत पडतोय न पडतोय, तोच वैजूनं तिच्या सुपातला तंबाखू आणि कातरलेली पानं आपल्या सुपात ओढून घेतली होती. कोणी वळून बघितलं नाही. त्यात बघण्यासारखं काही नव्हतंच.

"तीन," वैजू म्हणाली.

मी पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. तिथं उत्तरं असत. "पाच दिलंय गं."

तिचा दोरा तुटला. वैजूचा दोरा कधी तुटत नसे.

ही गोष्ट सिन्नरची, पंधराएक वर्षांपूर्वीची. आमची सगळी गल्ली तेव्हा विड्या वळायची. सकाळी पानं कातरायची, दुपारी ओट्यावर बसून वळायचं, संध्याकाळच्या आत कारखान्यात नेऊन द्यायचं. वैजयंता माझी सून. माझा दिनकर ट्रकवर होता. लग्नाला दोन वर्षं झाली आणि तो कामाला म्हणून सुरतेला गेला, त्याला सहा वर्षं होत आली होती. त्याचा फोन यायचा तो कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात. वैजू सामान आणायला गेली की त्याचा निरोप घेऊन यायची. "आईला म्हणावं, औषध वेळेवर घे. उन्हाची बाहेर पडू नको." दिवाळीला कुठल्या तरी गाडीबरोबर माझ्यासाठी लुगडं यायचं.

वैजूनं मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं होतं, तेही विड्या वळता वळताच. आता तिला सरकारी लिपिकाची परीक्षा द्यायची होती. पण हात आणि डोळे दोन्ही सुपात अडकलेले, कान तेवढे रिकामे. एक दिवस म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही मला वाचून दाखवाल का?"

मी म्हटलं, "बाई, मला माझं नाव वाचता येत नाही."

"नाव नंतर. हे बघा, हा अ. हा ब. हा क. एवढ्यावर निम्मं पुस्तक आहे."

माझा डावा अंगठा जखडला होता. सकाळी मी पानं कातरायचे, थोडं वळायचे, पण दुपार झाली की अंगठा संपावर जायचा. तेव्हा दुपारी हे शिक्षण सुरू झालं. लोकांची अक्षरं अ, आ, इ, ई अशी सुरू होतात. माझी अ, ब, क अशी झाली. ‘आ’ मला बऱ्याच दिवसांनी भेटला. ‘काम’ हा मला पुरता वाचता आलेला पहिला शब्द, आणि ‘दिवस’ हा दुसरा. पन्नाशी ओलांडलेली बाई मी, ‘उरलेले’ हा शब्द एका दमात वाचला त्या दिवशी शेवंताबाईला हाक मारून सांगितलं होतं.

आमच्या ओट्याची एक रीत होती, ती सांगायला हवी. कोणी मधूनच उठली, म्हणजे लेकरू रडलं, अंगात कणकण भरली, दारात कोणी आलं, तर तिचं सूप तसं पडू द्यायचं नाही. शेजारणीनं तिचा माल आपल्या सुपात ओढायचा आणि वळायला लागायचं. झालेल्या विड्या मात्र उठून गेलेलीच्या, कारखान्याच्या तिच्याच कार्डावर, तिच्याच नावावर. त्याला कोणी उपकार म्हणत नसे आणि कोणी आठवण ठेवत नसे. घरात सून आली की पान कातरायच्याही आधी तिला हे शिकवायचं. वैजूला मीच शिकवलं होतं.

एका रविवारी वैजूचा भाऊ उत्तम आला. अकोले तालुक्यातल्या खेड्यात त्याचा टोमॅटोचा मळा होता. वैजू तेव्हा वाचनालयातल्या फुकट वर्गाला गेली होती. तिथं एक सर दर रविवारी मुलांकडून सराव परीक्षा सोडवून घेत. उत्तम ओट्याच्या कडेवर बसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. एवढ्यावरून मला कळलं, हा काहीतरी ठरवून आलाय.

"मावशी, मी स्पष्ट बोलणार आहे. राग मानू नका."

"चहा घे आधी. स्पष्ट बोलायला घसा ओला लागतो."

त्याला हसायचं नव्हतं, पण हसू आलं. चहा हातात घेऊन म्हणाला, "ताईला एक स्थळ आलंय. देवठाणकडचा माणूस. बायको वारली, दोन पोरं आहेत. मळा आहे, विहिरीला पाणी आहे. माणूस निर्व्यसनी. विडीसुद्धा ओढत नाही."

"सगळेच तसे निघाले तर आम्ही खायचं काय?"

"चेष्टा करू नका, मावशी."

"बरं, नाही करत. वैजूला विचारलंस?"

"ती म्हणते, परीक्षा होऊ दे. वयाची अट बघता ही शेवटचीच आहे तिची. पास झाली तर माझं काही म्हणणं नाही, आपल्या पायावर उभी राहील. पण नाही झाली, तर निकाल लागल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन जाणार. सोडचिठ्ठीचं वकील बघतील. सहा वर्षं झाली, मावशी. किती वाट बघायची माणसानं?"

"दिनकरचा फोन येतो," मी म्हटलं.

त्यानं कपाकडं बघितलं. "येतो का?" एवढंच म्हणाला आणि उरलेला चहा एका घोटात संपवला.

वैजू आली तीच चेहरा पाडून. भावाला बघून हसली, पण ते हसू गालापर्यंतच. सराव परीक्षेचा कागद तिनं माझ्याच हातात दिला. मला त्यातल्या लाल रेघा तेवढ्या कळल्या.

"बाकी सगळं बरोबर आलं," ती म्हणाली. "व्याकरण, टक्केवारी, आगगाडीची गणितं, सगळं. काळ-कामाची पाच होती. पाचही चुकली."

"पाचही?"

"ज्यात कोणी मधेच काम सोडून जातं ना, ती सगळी. सर म्हणाले, वैजयंताबाई, तुम्ही ह्या प्रकाराचा नादच सोडा, तेवढ्या वेळात दुसरं काही सोडवा."

"मग सोड की," उत्तम म्हणाला. "एवढं काय त्यात?"

"मागच्या खेपेला दोन मार्कांनी गेलंय, उत्तम. पाच गणितं सोडून कसं चालेल?"

तो गेला. वैजू पदर खोचून सुपाशी बसली. मी तिच्याकडं बघत राहिले. पास झाली तरी ती नोकरीच्या गावी जाणार होती, नापास झाली तरी जाणारच होती. एवढं गणित मला पुस्तकाशिवाय येत होतं. फरक एवढाच, की एका वाटेनं ती उठून जाणार होती आणि दुसऱ्या वाटेनं तिला कोणी उचलून नेणार होतं.

गुरुवार आला. परीक्षा रविवारी होती. बाजारामुळं ओटा रिकामा होता. मी चष्मा लावला आणि मुद्दाम तेच पान काढलं. दहा दिवसवाला अ आणि पंधरा दिवसवाला ब. आता ते मला न अडखळता वाचता येत होतं.

"तीन," वैजू म्हणाली. मग लगेच, "नाही, थांबा. पाच आहे ना त्याचं? मला उत्तर पाठ झालंय, गणित येत नाही." तिनं विडी सुपात टाकली. "फळ्यावर कळतं हो सगळं. सर मांडतात तेव्हा वाटतं, यात काय अवघड. एकटीनं करायला घेतलं की हात तिकडंच वळतो."

"मला मांडून दाखव. मी काही सर नाही. मला कळेल असं मांड."

तिनं बांधून ठेवलेले विड्यांचे कट्टे जवळ ओढले आणि ओट्यावर रांग लावली. "समजा, सगळं काम मिळून तीस कट्टे आहेत. अ रोज तीन कट्टे वळतो, म्हणून त्याला दहा दिवस लागतात. ब रोज दोन वळतो, त्याला पंधरा लागतात. दोघं मिळून रोज पाच. तीन दिवसांत किती झाले? पंधरा." तिनं अर्धी रांग बाजूला केली. "पंधरा राहिले. रोज पाच म्हटले की तीन दिवस."

"रोज पाच कसे?"

"अ चे तीन आणि ब चे दोन."

"ब तर गेला ना?"

"गेला."

"मग त्याचे दोन कोण वळतंय?"

मी काहीतरी खुळ्यासारखं विचारतेय असं तिनं माझ्याकडं बघितलं. "अ वळणार. ओढून घेईल ना तो. एवढं सूप काय पडू देईल?"

बोलून गेली आणि मग तिला स्वतःचंच ऐकू आलं. तिनं कपाळावर हात मारला. तंबाखूची भुकटी भुवयांना लागली. "अगं बाई! सहा महिने मी हेच करतेय?"

"तुला मीच शिकवलंय ते," मी म्हटलं. दोघी हसायला लागलो. हसता हसता माझा चष्मा नाकावरून घसरला.

"पण पुस्तकातल्या अ ला कोणी शिकवलेलं नाही," मी म्हटलं. "तो आपले तीनच वळणार. ब गेला की ब चं बंद."

"हो. बंद. वाचा पुढचं."

मी पुढचं वाचलं. त्यात अ, ब, क असे तिघं होते आणि क सोडून जात होता. तिनं ओठ हलवत हिशोब केला आणि उत्तर सांगितलं. मी मागचं पान बघितलं. चूक. त्याच्या पुढचं वाचलं. तेही चूक. चूक कळली होती, पण कळून उपयोग नव्हता. तिचं बोट डोक्याचं ऐकत नव्हतं. गेलेल्याचा वाटा ते आपोआप आपल्याकडं ओढत होतं. तिसऱ्या वेळी तिनं सूप बाजूला ठेवलं आणि गुडघ्यात तोंड घातलं.

"राहू द्या, आत्याबाई. नाही जमायचं मला. सर म्हणाले तेच खरं."

मी पुस्तक मिटलं. आत गेले, पत्र्याची पेटी उघडली आणि गेल्या दिवाळीला आलेलं लुगडं बाहेर आणलं. हिरव्या काठाचं. मी ते नेसले नव्हते, घडीही मोडली नव्हती. ते मी तिच्या मांडीवर ठेवलं.

"वास घे."

"कशाला?"

"घे तर."

तिनं घेतला नाही. काठावरून बोट फिरवत म्हणाली, "पेटीत ठेवलेलं आहे. पेटीचा येत असेल."

"पेटीत ठेवायच्या आधीच घेतला होता मी. तू हातात दिलंस तेव्हाच. सुरतेहून ट्रकमधून आलेल्या लुगड्याला डिझेलचा वास यावा, गोणपाटाचा यावा. ह्याला तंबाखूचा येत होता. आपल्या घरात नवं कापड चार दिवस राहिलं की तो वास धरतं. कुठं लपवलं होतंस? पानांच्या पोत्यामागं?"

तिनं लुगड्याची घडी सरळ केली. गल्लीतून कोणीतरी सायकल ढकलत गेलं. मग म्हणाली, "पोत्यामागंच."

"आणि फोन?"

"पहिलं वर्षभर यायचा. खरंच यायचा, आत्याबाई. मग कमी झाला. मग दुकानदार म्हणाला, तो नंबरच आता लागत नाही. त्यांच्या गाडीवरचा एक जण इथं आला होता. म्हणाला, त्यांनी तिकडं दुसरं घर केलंय. तुम्हाला कसं सांगू ते कळेना. मग म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे. मग उद्याचा." तिनं नाक ओढलं. "तुम्हाला कधी कळलं?"

"औषध वेळेवर घे म्हणाला, तेव्हाच. दिनकर! घरात असताना त्यानं कधी मला पाण्याचा तांब्या भरून दिला नाही, तो सुरतेहून औषधाची आठवण करणार? बाई, मी त्याची आई आहे. तू निरोप बनवायचास तर जरा त्याच्यासारखा तरी बनवायचास. ‘म्हातारीला म्हणावं, कटकट करू नको,’ असं सांगितलं असतंस तर मी आजपर्यंत खरं धरलं असतं."

ती हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. लुगडं ओलं होईल म्हणून तिनं ते चटकन बाजूला सरकवलं. मला त्याही वेळी तिचं कौतुक वाटलं.

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढं सूप ओढून घेतलेलं. मी मधे हात कसा घालू?"

ओट्यावर कट्ट्यांची अर्धी रांग तशीच होती. मी त्यातले दोन कट्टे उचलले आणि तिच्या हातात दिले.

"ब गेला, वैजे. त्याचे रोजचे दोन तू वळतेस आणि त्याच्याच नावावर घालतेस. ते आता बंद कर. आपले तीन तेवढे वळ."

तिनं ते दोन कट्टे हातात धरून ठेवले. मग पदरानं डोळे पुसले, कट्टे मागं भिंतीशी ठेवले आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"वाचा," म्हणाली.

मी पहिल्यापासून वाचलं. अ दहा दिवसांत, ब पंधरा दिवसांत, तीन दिवसांनंतर ब काम सोडून गेला. एकही अक्षर चुकलं नाही.

"पाच," वैजू म्हणाली. ह्या वेळी तिनं ते पाठ म्हणून सांगितलं नव्हतं. मी पुढचं वाचलं, ते बरोबर आलं. त्याच्या पुढचंही आलं. एक चुकलं, पण ते गुणाकारात.

त्या दिवसापासून किराणा दुकानातून फक्त सामान येऊ लागलं.

रविवारी पहाटेच्या गाडीनं ती नाशिकला जाणार होती. आदल्या दिवशीचं थोडं काम राहिलं होतं, म्हणून उठल्या उठल्या ती सूप घेऊन बसली. मी म्हटलं, "ऊठ." ती उठेना. मग मीच तिच्या सुपातलं सगळं माझ्या सुपात ओढलं.

"तुमचा अंगठा..."

"पेपरात ब गेला की त्याचं बंद. हा पेपर नाही, हा ओटा आहे. दोन्हीत घोळ घालू नको. जा."

संध्याकाळी ती परत आली. चप्पल काढायच्या आधीच मी विचारलं, "आलं होतं का?"

"काय?"

"ते. सोडून जाणाऱ्याचं."

"तीन आली होती." पाण्याचा तांब्या तोंडाला लावून तिनं तो अर्धा केला. "एकात क सोडून गेला होता."

"मग?"

"जाऊ दिला," ती म्हणाली.

निकाल लागला. यादीत तिचं नाव खालच्या बाजूला होतं, पण होतं. मी ते स्वतः वाचलं. दोन मात्रा आणि अनुस्वार होता, तरी वाचलं. शेवंताबाईनं गल्लीभर साखर वाटली आणि सगळ्यांना सांगत सुटली, "अ पास झाला गं! रोज कामावर जायचा, झाला की नाही?" उत्तमही आला. त्यानं देवठाणच्या माणसाचं नाव काढलं नाही. नेमणूक पेठला होती, लांब, डोंगरात. वकिलाकरवी सोडचिठ्ठीचं कामही सुरू झालं.

"तुम्ही चला माझ्याबरोबर," वैजूनं मला सांगितलं.

मी नको म्हटलं. पेठला माझा ओटा नव्हता, शेवंताबाई नव्हती. पण खरी गोष्ट ती नव्हती. खरी गोष्ट उत्तम बोलला, तीही माझ्यादेखत, कारण तो सरळ माणूस होता. "ताई, नवऱ्याचा पत्ता नाही आणि त्याची आई तू सांभाळणार? अशी रीत कुठं आहे का?" मला त्याचा राग आला नाही. मीच तिला म्हटलं होतं, गेलेल्याचं काम ओढू नको. तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं, की त्यानं सोडलेल्या कामात मीसुद्धा आले.

वैजूनं मला पुन्हा विचारलं नाही. चार दिवस ती सामान बांधत होती. जायच्या दिवशी उत्तम वळकटी आणि डबे घेऊन स्टँडवर पुढं गेला. मी सकाळपासून ओट्यावर सूप घेऊन बसले होते. मुद्दाम जास्त माल घेतला होता, म्हणजे मान वर करायला नको. तिला म्हटलं, "तू नीघ. मला हे संपवून कारखान्यात द्यायचंय. स्टँडपर्यंत येणं काही होत नाही."

ती दारात उभी होती. इस्त्रीची निळी साडी, खांद्याला पिशवी. मला वाटलं पाया पडेल आणि जाईल. तिनं पिशवी खाली ठेवली, चप्पल काढली आणि त्या साडीतच माझ्यासमोर मांडी घातली. हात पुढं केला आणि माझ्या सुपातलं सगळं स्वतःकडं ओढून घेतलं. एक पान राहिलं होतं, तेही उचललं.

"वैजे," मी म्हटलं, "त्याच्या वाटचं ओढू नको म्हटलं होतं ना तुला?"

"त्याचं कुठं ओढतेय?" तिची बोटं चालायलाही लागली होती. "त्याचं काय ते पेपरात संपलं. हे माझं आहे."

शेवंताबाई समोर बसली होती. ती कधी गप्प बसत नसे, पण त्या वेळी तिनं नुसती मान खाली घातली आणि दोरा दातानं तोडला.

माझे हात रिकामे होते, आणि रिकाम्या हातांचं काय करायचं ते मला कधी माहीतच नव्हतं. वैजूनं न बघता मागं हात घातला, पिशवीतून ते पुस्तक काढलं आणि माझ्या पुढ्यात टाकलं. त्याची पानं आता तंबाखूनं पिवळी पडली होती. पिशवीच्या उघड्या तोंडातून हिरवा काठ दिसत होता. माझं लुगडं तिनं कधी भरलं होतं कोण जाणे.

"आपल्या गाडीला वेळ आहे," ती म्हणाली. "तोवर वाचा."

"आता कशाला? परीक्षा तर झाली."

"सवय आहे, आत्याबाई. त्याशिवाय माझा हात चालत नाही."

मी चष्मा लावला. पुस्तक हाताला येईल तिथं उघडलं आणि बोट पहिल्या ओळीवर ठेवलं.

"अ आणि ब," मी वाचायला लागले, "हे दोघे मिळून एक काम..."